आधी जीभ बघायची

भिलाईत रात्र पूर्ण काळी होतच नाही. स्टील प्लांटमध्ये तापलेली मळी ओतली की आकाश क्षणभर केशरी होतं आणि आमच्या मागच्या अंगणातला कोंबडा पहाट झाली असं समजून दोन वाजता बांग देतो. पहिल्या आठवड्यात मी दर वेळी उठून बसायचो. एनडीएत 'रगडा' रात्री दोनलाच लागायचा, त्यामुळे शरीराला ती वेळ पाठ आहे. नंतर सवय झाली. बायकोला मात्र अजून झाली नाही. तिच्या मते पलटणीतल्या माणसाने शांततेच्या पोस्टिंगवर येऊन कोंबड्या पाळणं हा मानसिक आजाराचा सौम्य प्रकार आहे.

जुलै २०२१ मध्ये मी भिलाईला आलो. एनसीसीची पोस्टिंग. पायदळातल्या अधिकाऱ्याला एनसीसी मिळाली की मित्र फोन करून अभिनंदन करतात, आणि त्या अभिनंदनात थोडी सांत्वनाची छटा असते. प्रमोशन बोर्डाचा निकाल काय लागला हे वेगळं सांगावं लागत नाही. सेक्टरमध्ये जुनं क्वार्टर मिळालं. रशियन मदतीने १९५९ साली इथली पहिली भट्टी पेटली आणि कारखान्याभोवती हे आखीवरेखीव शहर वसलं. घर छोटं, पण मागे अंगण भरपूर. पेरूची दोन झाडं, एक आंबा आणि आधीच्या साहेबांनी सोडून दिलेलं एक खुराडं.

त्या खुराड्याकडे बघून मला एकाच माणसाची आठवण झाली. आमच्या पलटणीतले एक हवालदार. सांगली जिल्ह्यातले. नाव इथे देत नाही, त्यांना आवडणार नाही. मी लेफ्टनंट म्हणून पलटणीत आलो तेव्हा ते लान्स नाईक होते, आणि गस्तीवर पाय कुठे ठेवायचा हे मी त्यांच्याकडून शिकलो. २०१७ मध्ये ते पेन्शन गेले. २०१८ मध्ये त्यांचा फोन आला तेव्हा मी उत्तरेत, अशा जागी होतो जिथे सिग्नल मिळाला की आधी घरी फोन करायचा असतो.

"सायेब, कडकनाथ कोंबडीची एक कंपनी आलीय. पैसं भरायचं, कोंबड्या त्येच देनार, खाद्य त्येच देनार, अंडी बी त्येच घेनार. करार पाठवलाय तुमाला फोनवर. बगता का जरा?"

मी बघितला. म्हणजे पहिल्या पानाचा फोटो उघडला, स्टॅम्प पेपर दिसला, सही-शिक्का दिसला. म्हणालो, "ठीक वाटतंय हवालदार. कागदावर आहे ना सगळं?" चाळीस सेकंद लागली असतील. त्यांनी पेन्शनच्या एकरकमी पैशातले साडेतीन लाख भरले.

पुढचं महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगायला नको. २०१९ साली पश्चिम महाराष्ट्रात कडकनाथच्या नावावर चाललेल्या योजना कोसळल्या. अंडी उचलणं बंद झालं, खाद्य येणं बंद झालं, शेतकरी रस्त्यावर आले, गुन्हे नोंदले गेले. आमच्या हवालदारांच्या शेडमध्ये काळ्या कोंबड्या खाद्यावाचून एकमेकींची पिसं उपटत होत्या. त्यांनी मला एकदाही बोल लावला नाही. म्हणूनच ते जास्त लागलं.

मी भिलाईला आल्याचं कळल्यावर पुन्हा फोन. "सायेब, छत्तीसगडात खरं कडकनाथ मिळतं म्हनत्यात. आमाला दिलेली समदी भेसळ हुती. दुसऱ्या पिढीत गोरी पिल्लं निघाली. मला धा-पंधरा खरी पायजेत. घरात सांगू नका."

तर अशी सुरुवात. हौस नंतर लागली.

कडकनाथ ही मूळची झाबुआ-धार भागातल्या भिल्ल आणि भिलाला लोकांनी सांभाळलेली कोंबडी. तिकडे तिला 'काली मासी' म्हणतात. पिसं, कातडी, तुरा, नडगी, जीभ, मांस, अगदी हाडावरचं आवरणसुद्धा काळसर. अंडं मात्र फिकट तपकिरी. अंडं काळं असतं असं कुणी सांगितलं तर तिथूनच परत फिरा. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं. छत्तीसगडनेही दंतेवाड्यासाठी दावा केला होता, कारण तिथे बचत गटांनी ही कोंबडी मोठ्या प्रमाणावर वाढवली होती. मान झाबुआला गेला, कोंबड्या दोन्हीकडे राहिल्या. २०२० च्या अखेरीस महेंद्रसिंग धोनीने झाबुआतून दोन हजार पिल्लांची ऑर्डर दिल्याची बातमी आली आणि माझी बाजू घरात थोडी बळकट झाली. टेरिटोरियल आर्मीचे मानद लेफ्टनंट कर्नल जे करतात ते नियमित लेफ्टनंट कर्नलने का करू नये?

नोव्हेंबरमध्ये एका आठवडी बाजारातून एक कोंबडा आणि तीन कोंबड्या आणल्या. विकणारा शपथेवर सांगत होता, "सौ टका असली, साहब." कोंबडा देखणा होता. पाठ काजळासारखी, उन्हात हिरवट चमक, आणि मानेवरच्या प्रत्येक पिसाला रुपेरी कड. कडकनाथमध्ये पिसांच्या रंगावरून तीन प्रकार मानतात: पूर्ण काळा म्हणजे जेट ब्लॅक, मानेला सोनेरी झाक असलेला गोल्डन, आणि रुपेरी रेघांचा पेन्सिल्ड. माझा पेन्सिल्ड होता. खरंच कुणी टोकदार पेन्सिलने रेघ मारावी तशी कड.

शेजारी प्लांटमधून निवृत्त झालेले एक तेलुगू गृहस्थ राहतात. भिलाईत अर्धा भारत शेजारी असतो. त्यांनी कोंबडा हातात घेतला, मान वळवली, पंख पसरला आणि म्हणाले, "काकी." त्यांच्याकडे कोंबड्यांच्या रंगांची स्वतंत्र नावं आहेत. कावळ्यासारखा काळा तो काकी, मोरासारखा तो नेमली, ससाण्यासारखा लाल तो डेगा. कुठल्या दिवशी कुठल्या रंगाचा कोंबडा जिंकतो याचं 'कुक्कुटशास्त्र' म्हणून एक पंचांगच आंध्रात चालतं. झुंजी लावणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "माहिती आहे साहेब. मी फक्त रंग ओळखतो." मग मला म्हणाले, "पिसं सगळेच बघतात. जीभ बघितली का?"

मी चोच उघडली. जीभ काळसर होती. समाधान झालं.

जानेवारी २०२२ मध्ये पहिली पिल्लं निघाली. कडकनाथ कोंबडी अंड्यावर बसण्यात कच्ची. अंडी घालते आणि विसरते. म्हणून मी एक गावठी कोंबडी आणली होती. लालसर अंग, पिवळे पाय, मानेवर चार-दोन भलतीच पांढरी पिसं, कुठल्याच प्रदर्शनात कुणी उभी करणार नाही अशी. पण खुडूक बसली की भूकंप झाला तरी उठायची नाही. एकविसाव्या दिवशी तिच्या पोटाखाली चौदा पिल्लं. मी एकेक उचलून चोच उघडत गेलो. काळी, काळी, काळी, गुलाबी. चौदांत चार गुलाबी जिभा. बोटांमधली कातडीही गोरी.

हवालदारांच्या शेडमध्ये नेमकं हेच झालं होतं.

दुर्गच्या पुढे राजनांदगाव रस्त्यावर अंजोरा लागतं. तिथे कामधेनू विद्यापीठाचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या एका प्राध्यापकांकडे मी गेलो, युनिफॉर्ममध्येच, कारण परेडवरून थेट गेलो होतो. त्यांना वाटलं काही सरकारी चौकशी आहे. मी खिशातून चौदा पिल्लांचा हिशेब काढल्यावर ते हसले आणि चहा मागवला.

त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. पिसाचा काळा रंग आणि कातडीचा काळा रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काळ्या पिसांची कोंबडी कुठेही मिळते. कडकनाथची खूण कातडीत आहे. ती कातडी काळी करणारा गुण वरचढ असतो. आईबापांपैकी एकाकडूनही मिळाला तरी पक्षी काळाच दिसतो. म्हणजे अर्धा भेसळीचा पक्षी आणि पूर्ण खरा पक्षी शेजारी उभे केले तर डोळ्याला फरक कळणं कठीण. पण दोन अर्धे एकत्र आले की त्यांच्या चार पिल्लांमागे साधारण एक गोरं निघतं. माझी चौदांत चार निघाली होती. म्हणजे त्या देखण्या कोंबड्याच्या पोटात अर्ध खोटं होतं, आणि कोंबड्यांपैकीही निदान काहींच्या पोटात होतं.

"मेंडेलचे वाटाणे शाळेत शिकला असाल," प्राध्यापक म्हणाले. "ते नियम प्राण्यांनाही लागू आहेत हे बेटसनने १९०२ मध्ये दाखवलं, ते कोंबड्यांच्या तुऱ्यांवरूनच."

वाटाणे शिकलो होतो. खडकवासल्याला त्या तासाला झोपही काढली होती.

हवालदारांना फोन केला आणि खरं ते सांगितलं. कोंबडा दिसायला अव्वल आहे, पण खोटा आहे. पलीकडे शांतता. मग म्हणाले, "दिसाया तर आमच्या बी अव्वल हुत्या, सायेब."

खरं सांगायचं तर मोह झाला होता. दोन गोंडस जोड्या पाठवून द्यायच्या आणि त्या चाळीस सेकंदांचं ओझं उतरवून टाकायचं. त्यांना लगेच कळलंही नसतं. पुढच्या वर्षी कळलं असतं. म्हणून मी त्यांना म्हणालो, एक वर्ष द्या. ते म्हणाले, "घ्या. मला काय घाई न्हाई. घाई करूनच बसलोय."

नवीन पक्षी मी अशा एका पालकाकडून आणले ज्याच्याकडे पिंजऱ्यापेक्षा नोंदवह्या जास्त होत्या. दर माणशी हिस्टरी शीट ठेवतात तशी त्याच्याकडे दर कोंबड्याची होती: बाप कोण, आई कोण, किती अंडी, किती पिल्लं, किती गोरी. एक तरुण पेन्सिल्ड कोंबडा आणि पाच तलंगा. पण आता मी दुधाने तोंड पोळलेला होतो. कोंबड्याची परीक्षा घ्यायची ठरवली. परीक्षेची रीत अशी, की त्याला साध्या गावठी कोंबडीबरोबर ठेवायचं. तिच्याकडे काळी कातडी करणारा गुण नाहीच, त्यामुळे पिल्लांत जे उतरेल ते त्याचंच.

पिवळ्या पायांच्या त्याच खुडूक बाईंना नवरा मिळाला. बारा पिल्लं झाली. महिना-दीड महिन्याने बघतो तर पाच फिकट. पाय राखाडी-गोरे, कातडीवर नुसते डाग. माझं डोकं सटकलं. पुन्हा अंजोरा.

प्राध्यापक या वेळी मोठ्याने हसले. "सर, इनको बड़ा होने दीजिए. फिर बताइए इनमें मुर्गी कितनी हैं."

दोन महिन्यांनी तुरे दिसू लागले. फिकट होते ते पाचही नर. काळ्या सातही माद्या. एकही अपवाद नाही. कारण असं: काळ्या कातडीला रोखणारा एक दुसरा गुण असतो, गाडीच्या ब्रेकसारखा. पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांच्या कोंबड्यांमध्ये तो बहुतेक वेळा असतो, आणि तो लिंग ठरवणाऱ्या झेड गुणसूत्रावर बसलेला असतो. पक्ष्यांत नराकडे दोन झेड असतात, मादीकडे एकच. आई आपला झेड मुलाला देते, मुलीला देत नाही. म्हणून आईचा ब्रेक फक्त मुलांना लागतो, मुली बापासारख्या काळ्या निघतात. बेटसन आणि पनेट या जोडीने १९११ मध्ये सिल्की नावाच्या काळ्या कातडीच्या कोंबड्यांवर नेमकी हीच गोष्ट मांडली होती. माझ्या अंगणात ती एकशे अकरा वर्षांनी पुन्हा घडली आणि मी घाबरून गाडी काढली होती.

बघायचं होतं ते मुलींकडे. कोंबडा अर्धा खोटा असता तर साधारण निम्म्या मुली गोऱ्या निघाल्या असत्या. सातपैकी सात काळ्या निघाल्या. नाणं सात वेळा उडवून सातही वेळा छापा यावा, तेवढीच फसण्याची शक्यता उरली: १२८ मध्ये एक. फौजेत एवढ्या खात्रीवर मोठमोठे निर्णय झालेले मी पाहिले आहेत.

आता मला खरी हौस लागली, आणि हौस लागली की चुका होतात.

इंग्लंडमध्ये १८६५ साली आणि अमेरिकेत १८७४ साली प्रदर्शनाच्या कोंबड्यांची 'स्टँडर्ड' छापली गेली. कुठल्या जातीचं कुठलं पीस कसं असावं याचे नियम. ते वाचताना मला ड्रिलचं मॅन्युअल वाचल्यासारखं वाटलं. हॅम्बर्ग जातीत पेन्सिल्ड म्हणजे मादीच्या पिसावर आडव्या बारीक रेघा. वायनडॉटमध्ये तोच शब्द, पण रेघा पिसाच्या आकाराला धरून, आत आत जाणाऱ्या. आणि त्या हॅम्बर्गमध्ये प्रदर्शनाचा नर आणि प्रदर्शनाची मादी एका जोडीतून निघतच नाहीत. नरांसाठी एक कूळ ठेवायचं, माद्यांसाठी दुसरं. नरांच्या कुळातल्या माद्या दिसायला सुमार, माद्यांच्या कुळातले नर सुमार, आणि तरी त्यांच्यावाचून बक्षीस नाही. ज्यांचा टर्नआउट चांगला नाही अशांच्या जिवावर परेड चालते, हे मला तरी ओळखीचं वाटलं.

माझ्या खऱ्या कोंबड्याच्या पहिल्या पिढीत एक नर असा निघाला की सकाळी चहाचा कप घेऊन मी त्याच्यापुढेच उभा राहायचो. मानेपासून खांद्यापर्यंत प्रत्येक पिसाला सारखी रुपेरी कड. कुठे तुटलेली नाही, कुठे पसरलेली नाही. त्याला मी त्याच्या सख्ख्या बहिणींबरोबर ठेवलं. हेतू एकच, कड पक्की व्हावी. पुढच्या पिढीत कड आणखी पक्की झाली. पण वीस अंड्यांपैकी सातच फुटली. टॉर्चसमोर अंडं धरलं तर कित्येकांत काहीच नाही, काहींत सुरू होऊन थांबलेलं. वाटलं ऊन कारण असेल, म्हणून पोती ओली करून टांगली. पण तो ऑक्टोबर होता.

त्याच महिन्यात कॅडेट्सना घेऊन मैत्रीबागला गेलो होतो. भिलाईचं हे प्राणिसंग्रहालय भारत-सोव्हिएत मैत्रीच्या नावाने उभं राहिलं, आणि पांढऱ्या वाघांसाठी प्रसिद्ध आहे. मुलं पिंजऱ्यापुढे सेल्फी काढत होती आणि मी त्यांना रीवाची गोष्ट सांगत होतो. १९५१ मध्ये रीवाच्या महाराजांनी जंगलात एक पांढरा बछडा पकडला, नाव मोहन. त्याची जोडी पिवळ्या वाघिणीशी लावली, पांढरं पिल्लू निघेना. मग त्याची त्याच्याच मुलीशी, राधाशी जोडी लावली आणि १९५८ मध्ये पांढरे बछडे जन्मले. आज प्राणिसंग्रहालयांत दिसणाऱ्या बहुतेक पांढऱ्या वाघांची मुळं फिरून फिरून त्या मोहनपर्यंत जातात. एका रंगासाठी जवळच्या नात्यात पिढ्यान् पिढ्या जोड्या लावल्या, आणि त्यासोबत व्यंग, कमजोर पिल्लं, तिरळे डोळे हेही वाट्याला आले. तिरळेपण तर त्या रंगाच्या गुणालाच चिकटलेलं.

एका कॅडेट मुलीने विचारलं, "सर, सिर्फ़ रंग के लिए?"

मी "हाँ" म्हणालो आणि पुढे काही बोललो नाही. घरी माझ्या खुराड्यात तेच चाललं होतं.

तरी जानेवारी २०२३ च्या एका पशुप्रदर्शनात मी माझा दुसऱ्या पिढीचा हिरो नेलाच. नखं साफ केली, पायांना खोबरेल तेल चोळलं, तुरा ओल्या फडक्याने पुसला. माझ्या पासिंग आउट परेडला मी स्वतःवर एवढी मेहनत घेतली नव्हती. परीक्षकांमध्ये आमचे प्राध्यापक होते. त्यांनी पंख पसरला, मानेवरून उलटा हात फिरवला, चोच उघडली, मान डोलावली. मग कोंबडा टेबलावर सोडला आणि त्याला चालू दिलं. दोन्ही पायांचं मधलं बोट वाकडं होतं. मी पिसांकडे बघत राहिलो आणि पाय बघितलेच नव्हते.

"सर, पेंटिंग बहुत अच्छी है," ते म्हणाले. "कैनवास टेढ़ा है."

तिसरं बक्षीस, स्टीलचा डबा. तो मी ऑफिसात पेन ठेवायला वापरतो.

त्या आठवड्यात दोन गोष्टी केल्या. वाकड्या बोटांच्या हिरोला पैदाशीतून काढलं. आणि नोंदवहीवाल्या पालकाकडून दुसऱ्या कुळातला नर आणला. त्याच्या मानेची कड जरा ढिली होती, पण पाय सरळ, छाती रुंद आणि त्याची वही साफ. त्याची परीक्षा घ्यायला वेळ उरला नव्हता, म्हणून त्याच्या बापाचा हिशेब पानापानाने तपासला. या वेळी शेवटच्या पानापर्यंत.

फेब्रुवारीत हवालदार आले. पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेसने दुर्गला. साठीकडे झुकलेला माणूस, पण प्लॅटफॉर्मवर पाय जुळवून सलाम ठोकलाच. घरी आल्यावर चहाही न घेता मागे गेले. खुराड्यापुढे उकिडवे बसले आणि कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. मग एकेक पक्षी हातात घेऊन, रायफल तपासतात त्या क्रमाने, तोंडापासून शेपटीपर्यंत तपासला. पिसं सगळ्यात शेवटी.

"आधी जीभ बगायची," मला म्हणाले. जणू मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी व्हरांड्यात बसलो होतो. प्लांटकडे आकाश लाल झालं, कोंबड्याने अवेळी बांग दिली. मी पाच वर्षं जे बोललो नव्हतो ते बोललो. "हवालदार, त्या दिवशी मी करार वाचला नव्हता. पहिलं पान बघितलं आणि ठीक म्हणालो."

ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "तुमी न्हाई म्हनला असता तरी मी पैसं घातलं असतं सायेब. समदा गाव घालत हुता." पुन्हा गप्प. "पर इचारल्यावर वाचाया पायजे हुता तुमी."

"हो."

"झालं आता." आणि त्यांनी विषय बदलला. गहू, मुलीचं लग्न, पलटणीचा रियुनियन. मला मात्र बरं वाटलं. माफी मिळाल्यापेक्षा, चूक कुणीतरी चूक म्हणून नोंदवली याचं.

जिवंत पक्षी रेल्वेच्या डब्यातून नेता येत नाहीत, म्हणून अंडी द्यायची ठरलं. मागच्या पाच दिवसांची ताजी चोवीस अंडी, निमुळतं टोक खाली, डब्यात भाताचं तूस घालून नीट बसवली. छत्तीसगडात तुसाला तोटा नाही. घरी पोचल्यावर एक दिवस हलवायची नाहीत, मग खुडूक कोंबड्यांखाली ठेवायची, अठराव्या दिवसानंतर हात लावायचा नाही, पिल्लांना सातव्या दिवशी मानमोडीची लस. मानमोडीचं पुस्तकी नाव राणीखेत. आपल्याकडे राणीखेत म्हटलं की कुमाऊँ रेजिमेंटचं सेंटर आठवतं, कोंबडीवाल्याला रिकामं खुराडं आठवतं. अंड्यांबरोबर एक वही दिली. त्यात कोंबड्यांची दोन पिढ्यांची नोंद, वीसपैकी सातचं ते पानही. ते मी फाडलं नाही. हवालदारांनी तिथेच उभं राहून वही वाचली. पहिल्या पानापासून.

त्या वहीत मी एक ओळ लिहिली होती, तीही सांगतो: या सगळ्या मोजमापाचा उपयोग कोंबड्यांपुरताच. रक्त शुद्ध, रंग शुद्ध ही भाषा माणसांना लावली की काय होतं हे जगाने पुरेसं पाहिलंय. आणि कोंबड्यांतसुद्धा, माझी एकूण एक खरी पिल्लं त्या पिवळ्या पायांच्या, रंग चुकलेल्या गावठी बाईच्या पोटाखाली उबली आहेत.

मार्चमध्ये व्हिडिओ आला. चोवीसपैकी पंधरा फुटली होती. एवढ्या प्रवासानंतर वाईट नाही. हवालदारांच्या जाडजूड अंगठ्याने एकेका पिल्लाची चोच उघडलेली आणि मागून त्यांचा आवाज, रोल कॉलचा: "एक, काळी. दोन, काळी..." पंधरापर्यंत. मागे कुठेतरी वहिनी हसताना ऐकू येत होत्या. म्हणजे घरात सांगितलेलं दिसतं.

मी फोन केला. म्हणालो, आता गावात विचारणा होईल, चार पैसे मिळतील.

"इकायची न्हाईत इतक्यात," ते म्हणाले. "नवा नर अजून पारखल्याला न्हाई, तुमच्याच वहीत लिवलंय. एक पिढी बगतो. गोरं निघालं तर घरीच खातू."

जूनमध्ये माझी बदली झाली. कोंबड्या शेजाऱ्यांकडे गेल्या, कारण सामानाच्या ट्रकमध्ये कोंबडी घेऊन जाणारा अधिकारी मी अजून पाहिलेला नाही आणि बायकोने पाहू दिला नसता. खुडूक बाईंना त्यांनी खास मागून घेतलं. नव्या ठिकाणी अंगण नाही. रात्री आकाश काळं असतं, दोन वाजता कुणी बांग देत नाही. पण मधूनमधून फोनवर एक फोटो येतो: वहीचं एक पान, सरळ उभ्या रेघा, त्या दिवशी फुटलेली पिल्लं, आणि शेवटच्या रकान्यात हवालदारांच्या अक्षरात जिभेचा रंग.